बिनकार्डाचा फोन

दातांच्या दवाखान्याला रस्त्यावरून आठ पायऱ्या होत्या. त्यातली तिसरी तिची.

खालच्या दोन पायऱ्यांवर वायफाय धड पोचत नसे. मुलाचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा यायचा आणि वाक्याच्या मध्येच बुडायचा. चौथीच्या वर उभं राहिलं की गाल धरून चढणारी माणसं आणि गाल धरून उतरणारी माणसं, दोघांचीही अडचण. तिसरी पायरी बेताची. भिंतीला डावा खांदा लावायचा, फोन उजव्या कानाला, तोंड रस्त्याकडे. आत कुणाच्या दातावर मशीन फिरू लागलं की ते फोनमधून पलीकडेही ऐकू जाई.

"आई, आज कुणाचा जीव घेतायत तिथे?" मुलगा विचारी.

"माझा नाही ना घेत? मग तू बोल."

तिला सगळे काजमावशी म्हणत. दवाखान्याच्या समोर, रस्त्यापलीकडच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर कोट शिवायचा कारखाना होता. एक लांब खोली, नऊ मशिनी, टोकाला कापायचं टेबल आणि त्यामागे मास्तर. वेटरांचे कोट, वॉचमनचे कोट, डॉक्टरांचे कोट. काज करायचं मशीनही मध्ये येऊन गेलं होतं. पण ते कापड ओढून ठेवी आणि काजाच्या टोकाला केसासारखी सुतं सोडी. मशीन कोपऱ्यात गेलं आणि मावशी आपल्या जागी, खिडकीपाशी राहिली. दोऱ्याला मेण लावायचं, चीर घ्यायची, टाक्याला टाका चिकटवत गोल फिरायचं. तीस वर्षं. तिचं काज उलट्या बाजूनेही सुलटं दिसे, आणि कापडाचा रंग कुठे संपला आणि दोऱ्याचा कुठे सुरू झाला हे शोधायला भिंग लागे. यावर ती पैज लावायला तयार असे, पण तिच्याशी पैज लावायला कुणी तयार नसे.

काम करताना दोरा भरलेली सुई ती खांद्याजवळ कपड्यात खोचून ठेवी. घरी जातानाही ती तिथेच राही. मुलगा लहान असताना तिच्या कुशीत शिरायचा तो नेहमी दुसऱ्या बाजूने.

तो आता जहाजावर होता, भटारखान्यात. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेला. मधल्या सुट्टीत आला तेव्हा स्वतःचा जुना फोन त्याने तिला दिला, तिच्या नंबरावर तो फोन चालू करून दिला, आणि पडद्यावर स्वतःचा फोटो एका गोलात बसवून म्हणाला, "आई, यावर बोट ठेवायचं, की मी. बाकी कशाला हात लावू नकोस."

तिने बाकी कशाला हात लावला नाही.

दवाखान्याच्या डॉक्टरांचे कोट तीच करून देई. त्यांनी एकदा नंबर लावणाऱ्या ताईला सांगितलं, मावशींना पासवर्ड घालून द्या. तेव्हापासून तिसरी पायरी तिची झाली आणि फोनमधलं कार्ड उगाच झालं. दर महिन्याला कार्ड भरा, नाही भरलं की कंपनीचे मेसेज, तेही इंग्रजीत. बोलायचं एकाशीच, आणि त्याच्याशी तर कार्डाशिवाय बोलता येतं. तिने भरणं सोडून दिलं. काही महिन्यांनी फोनच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं आली. ताईने वाचून दाखवलं, "सिम नाही म्हणतंय."

"पण मुलगा आहे ना?"

"मुलगा आहे."

"मग सिमला काय चाटायचंय?"

कारखान्यात तिच्या फोनला बिनतिकिटाचा फोन म्हणू लागले. मास्तर म्हणाले, "बाई, एक दिवस टीसी पकडेल हं." ती म्हणाली, "पकडू दे, मला कुठे लांब जायचंय? तिसऱ्या पायरीपर्यंत तर जाते."

नंबर बंद पडला तेव्हा कसलाही आवाज झाला नाही. कुणी गेल्यावर निदान दार लागल्याचा तरी आवाज होतो.

*

तीन आठवड्यांपूर्वी मुलाचा फोन आला तो वीस दिवसांच्या खंडानंतर. ती रागात होती. वीस दिवस रोज चार वाजता पायरीवर जाऊन उभी राहिली होती आणि दात दुखणाऱ्या अनोळखी माणसांनी तिची विचारपूस केली होती.

"आई, ऐक. कप्तान विचारतोय, आणखी नऊ महिने राहतोस का. सही करायची, नाहीतर पुढच्या बंदरात उतरायचं आणि घरी. काय करू? सही करू की येऊ?"

पायरीवर तेव्हा एक बाई रडक्या पोराला ओढत होती. आत मशीन चालू होतं. आणि हा प्रश्न असा की ज्याचं उत्तर वीस दिवस तिच्या घशाशी बसलेलं होतं.

ती म्हणाली, "तुझं तू बघ."



"बरं," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत मुदत आहे. हा नाही, याच्या पुढच्याच्या पुढचा. त्याच्या आधीच्या बुधवारी आम्ही एक दिवस बंदरात आहोत, तेव्हा चार वाजता फोन करतो. तोवर विचार कर. पण नंतर मला बोलता येणार नाही, कळलं ना? समुद्रात आमच्या जहाजावर नुसतं लिहिलेलं येतं-जातं. आवाज चालत नाही."

"मला कुठे लिहायला येतंय तुमच्या त्या फोनवर."

"म्हणून तर म्हणतो, बुधवारी तोंडाने सांग. एक शब्द."

तो एक शब्द म्हणजे काय हे दोघांनाही माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तिला राहवेनासं झालं होतं तेव्हा तिने खोटंच कळवलं होतं, की आई फार आजारी आहे. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजंटाच्या ऑफिसात फोन केला आणि ऑफिसने निरोप पुढे धाडला. पोरगा जहाज सोडून आला. दार ढकललं तर ही खिडकीत बसून, गुणगुणत, काज करत होती. तो बॅग खांद्यावर तशीच ठेवून बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, ये म्हणायचं असेल तर ये म्हण. मी येईन. पण असं बोलावू नकोस. अकरा तास मी तुला मेलेली धरून प्रवास केलाय." चार महिने त्याला दुसरं जहाज मिळालं नाही. त्या चार महिन्यांत तो तिला एकदाही उलटून बोलला नाही, आणि ते तिला जास्त लागलं.

आता ती एक शब्द तयार करत होती. काज करता करता ओठ हलायचे. "मावशी, मंत्र म्हणताय की काय?" शेजारचा बाही लावणारा विचारी. "हो. तुझं तोंड बंद व्हावं म्हणून," ती म्हणे.

*

बुधवारी ती साडेतीनलाच खाली उतरली. चेहरा धुऊन. तिसऱ्या पायरीवर उभी राहिली, फोन उघडला, आणि गोल तिथे नव्हता. मुलाचा चेहरा जिथे असायचा तिथे पांढरा पडदा आणि काहीतरी लिहिलेलं, खाली रिकामी चौकट.

ती आत गेली. नंबर लावणाऱ्या ताईने फोन हातात घेतला.

"तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर चालू झालाय म्हणतंय. तुम्हीच असाल तर कोड टाका."

"कसला कोड?"

"येईल मेसेज."

"कुठे?"

"तुमच्या नंबरवर."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाकावरचे चार पेशंटही बघत राहिले, चौघांचेही हात गालावर.

"मावशी, तुमचा नंबर तर..."

"नाहीच आहे," मावशी म्हणाली.

"कंपनी बंद पडलेले नंबर दुसऱ्याला देते. आज कुणीतरी घेतला असेल आणि फोन चालू केला असेल. म्हणून तुम्ही बाहेर."

"मी कुणाच्या आत नव्हते. मी पायरीवर होते."

घड्याळात चारला दहा कमी होती. मावशी धावली. तिला कुणी धावताना कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यावर मोबाइल दुरुस्तीवाला होता, डोळ्याला भिंग लावून एका फोनच्या पोटात घुसलेला. त्याने फोन बघितला, चार ठिकाणी बोट मारलं.

"अडकलाय. साफ करून देऊ? दहा मिनिटांत नवा होईल."

"मुलगा दिसेल ना परत?"

"सगळं दिसेल. नव्यासारखा होईल."

तिने मान हलवली. तीस वर्षांत तिने कधीही न मापता चीर घेतली नव्हती. कापलेलं कापड परत जुळत नाही हे ती नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवी. त्या दिवशी तिने न मापता मान हलवली. दहा मिनिटांनी फोन नवा झाला. आत काहीच नव्हतं. मुलाचे फोटो नव्हते, जुने बोललेले निरोप नव्हते, त्याचा नंबरही नव्हता. तो नंबर तिने कधी बघितलाच नव्हता. तिने फक्त चेहऱ्यावर बोट ठेवलं होतं.

"बॅकअप नव्हता का?" दुरुस्तीवाला म्हणाला.

"म्हणजे काय ते?"

त्याने भिंग डोळ्यावर परत ओढलं. त्यालाही वाईट वाटलं असावं. पैसे मागितले नाहीत.

चार वाजून गेले. ती तरी पायरीवर जाऊन उभी राहिली, पाचपर्यंत. हातातला फोन एखाद्या नव्या भांड्यासारखा चकचकत होता.

*

"तुमचा स्वतःचा नंबर पाठ आहे का?" मास्तरांनी विचारलं.

जगात तिला तेवढा एकच नंबर पाठ होता. मास्तरांनी आपल्या फोनवरून तो लावला आणि फोन टेबलावर, कापलेल्या बाह्यांच्या गठ्ठ्यावर, सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मशिनी थांबल्या. आपल्याच नंबराची रिंग पलीकडे वाजताना ती ऐकत होती. आपल्या घराचं दार आपणच बाहेरून ठोठवावं आणि आतून कुणीतरी 'कोण आहे?' म्हणावं, तसं.

"बोला," एक जाड आवाज आला. मागे पोरांचा गलका. "लवकर बोला, बस सुटायचीय."

तो शाळेची बस चालवायचा. मास्तरांनी थोडक्यात सांगितलं.

"अरे देवा, म्हणजे ते तुम्ही होय! आज सकाळीच नंबर चालू केला. चार वाजता फोन आला, पोरगा म्हणतो, आई. मी म्हटलं, बाबा रे, मला मिशा आहेत. परत केला, परत आई. मी म्हटलं राँग नंबर. तिसऱ्यांदा केला तेव्हा म्हणतो, तुम्ही कोण, आईचा फोन तुमच्याकडे कसा. आता मागे चाळीस पोरं, वर वळण. मी ब्लॉक करून टाकला."

खोलीत कुणी हसलं नाही. मावशी टेबलावर वाकली आणि फोनला म्हणाली, "तीन वेळा केला?"

"कोण, मावशी का तुम्ही? हो, तीनदा. आवाज चांगला आहे पोराचा."

"तुम्ही त्याला पुन्हा लावा ना दादा."

"लावतो की. बस सोडून घरी गेलो की लावतो. काळजी करू नका, ब्लॉक काय, काढता येतं."

त्याने काढलं, लावलंही. पण तोवर संध्याकाळ झाली होती आणि जहाज बंदरातून निघालं होतं. पलीकडे रिंग वाजत नव्हती. आवाज चालत नव्हता.

*

गुरुवारी सकाळी मास्तरांनी कापणं बाजूला ठेवलं आणि मजकूर तयार करायला घेतला. त्यांचं म्हणणं असं, की निरोप बसवाल्याच्याच फोनवरून जावा. "मुलाचा नंबर मी त्याच्याकडून लिहून घेतलाय, पण माझ्या नंबरावरून गेलं तर तो परका समजेल. तिकडून गेलं तर निदान वर आई असं नाव तरी दिसेल."

हे सगळ्यांना पटलं. यात काय चुकतंय ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बसवाल्याने मास्तरांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिलं. मी आई आहे. माझा नंबर दुसऱ्याकडे गेला. तू सही करू नकोस. ये.

उत्तर दुपारी आलं. बसवाल्याने शाळेच्या फाटकापाशी गाडी लावून वाचून दाखवलं.

"माझी आई कधी लिहीत नाही. ती बोलते. काल तुझा आवाज मी ऐकलाय. आईचा फोन चोरलास का? तिला काही केलंस तर बघ."

बसवाला घाबरला. त्याने आपल्या मनाने लांबलचक खुलासा लिहिला: मी चोर नाही, गाडी चालवतो, दोन मुलींचा बाप आहे, तुमच्या मातोश्री कोटाच्या कारखान्यात सुखरूप आहेत. ते वाचून मास्तरांनी कपाळाला हात लावला. "मातोश्री कशाला लिहिलंत हो? कुठला चोर मातोश्री लिहीत नाही?"

"मग काय लिहायचं होतं? घाईत सुचलं ते लिहिलं."

मावशी मात्र वेगळ्याच गोष्टीकडे कान लावून होती. "तिला काही केलंस तर, असं म्हणतो," ती म्हणाली. "पुन्हा अकरा तास झाले त्याचे सुरू."

बाही लावणारा म्हणाला, "मावशी, एजंटाच्या ऑफिसात करा ना फोन. ते जहाजाला कळवतात."

मास्तरांच्या वहीत ऑफिसचा नंबर होता, मागच्या वेळचा. पलीकडची बाई मावशीला सवयीच्या आवाजात म्हणाली, "घरच्यांचा निरोप आम्ही फक्त तातडीचा असेल तर देतो. कुणी वारलंय का?"

"नाही."

"गंभीर आजारी?"

मास्तर मावशीकडे बघून जोरजोरात मान हलवत होते. हो म्हणा, हो म्हणा. बाही लावणाऱ्याने हात जोडले. एवढ्याशा शब्दाने काम होणार होतं. तोंड उघडायचं आणि एक हो टाकायचा. मावशीचे ओठ हललेही.

"नाही," ती म्हणाली. "मी चांगली आहे."

"मग लेखी अर्ज पाठवा. सोमवारी बघू."

फोन ठेवल्यावर मास्तर भडकले. "सत्यवादी! आता बसा नऊ महिने!"

"त्याने नको म्हटलंय, मास्तर."

"त्याला कुठे कळणार होतं?"

"दारात आल्यावर कळलं असतं की."

मास्तरांनी कात्री उचलली आणि उगाचच एक चिंधी दोनदा कापली.

*

शुक्रवारी सकाळी सातलाच मास्तरांचा फोन वाजला. ते तसेच, शर्टाची बटणं लावत, दोन गल्ल्या ओलांडून मावशीच्या खोलीवर आले. एक खोली, कोपऱ्यात स्टोव्ह, भिंतीवर मुलाचा पांढऱ्या कोटातला फोटो. तो कोट तिनेच शिवून दिला होता, जहाजावर वाढप करताना घालायला.

"उत्तर आलंय," मास्तर धापा टाकत म्हणाले. "विचारलंय काहीतरी. बरोबर सांगितलंत तर तुम्ही आई."

फोनवर बसवाला होता. "वाचतो हं मावशी. तो म्हणतो, तू आई असशील तर एक सांग. पहिल्यांदा जाताना माझ्या पांढऱ्या कोटाला आतून जादाचं बटण लावून दिलंस. ते कुठल्या रंगाच्या दोऱ्याने लावलं होतं?"

मावशीचा चेहरा उजळला. तीन दिवसांत पहिल्यांदा. सगळ्या प्रश्नांत त्याने हा विचारावा! कामाचा. तिचा.

"पांढऱ्या," ती म्हणाली.

"नक्की ना?" बसवाला म्हणाला. "बघा हं, थोडा विचार करा. पोरगा एकदाच विचारणार."

"विचार काय करायचा त्यात? पांढरा कोट, पांढरं बटण, पांढरा दोरा. दुसरा लावेन का मी? तीस वर्षं झाली मला."

मास्तरांनीही मान डोलावली. या बाईच्या हाताखालून चुकीच्या रंगाचा टाका गेलेला त्यांनी पाहिला नव्हता. "लिहा," ते म्हणाले, "पांढरा. खाली लिहा, ये."

बसवाल्याने लिहिलं. मावशीने स्टोव्ह पेटवला, मास्तरांसाठी चहा टाकला. साखर डब्याच्या तळाशी गेली होती ती खरवडून घेतली. दूध उतू जायच्या आत परत फोन वाजला.

"मावशी," बसवाला म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "तो म्हणतो, नाही."

"काय नाही?"

"एवढंच. नाही. आणि मग... मी परत लिहिलं तर जातच नाहीये. त्याने मला ब्लॉक केलं बहुतेक." मग तो म्हणाला, "मी नंबर परत करून टाकू का कंपनीला? मला काय, दुसरा घेईन."

"तुम्ही परत केलात तरी माझ्याकडे कुठे येणार, दादा," मावशी म्हणाली. "तिसऱ्याकडे जाईल. राहू द्या. तुमच्याकडे आहे ते बरं. निदान माणूस माहितीचा."

चहा उतू गेला. दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"त्याच्याच लक्षात नसेल," मास्तर शेवटी म्हणाले. "पोरांना काय रंगाचं कळतंय."

"हो," मावशी म्हणाली. "पांढराच होता."

दिवसभर तिने काजं केली. एकसुद्धा वाकडं गेलं नाही.

*

शनिवारी काळ्या कोटांचं काम होतं. बाराच्या सुमाराला एक कोट संपवून तिने दोरा तोडला आणि सुई खांद्याजवळ खोचली. मग पुढचा कोट घेतला, तो करड्या रंगाचा निघाला, कुणाच्या तरी चुकीने गठ्ठ्यात आलेला. तिचा हात आपोआप खांद्याकडे गेला, सुई घेऊन खाली आला आणि कापडावर थांबला. करड्या कापडावर काळा दोरा.

ती त्या दोऱ्याकडे बघत राहिली.

त्या पहाटे वीज नव्हती. खाली रिक्षावाला भोंगा वाजवत होता. पोरगा दारात बूट घालून उभा, कोट हातावर, आणि तिला एकदम आठवलं की जादाचं बटण राहिलं. "असू दे आई, उशीर होतोय." "एक मिनिट. बटण तुटलं तर तिथे कोण लावून देणार तुला?" पांढऱ्या दोऱ्याची रीळ डब्यात, डबा फळीवर, फळी अंधारात. हात खांद्याकडे गेला होता. सुई भरलेली होती. तो महिना वॉचमनच्या कोटांचा होता, सगळे निळे. चार टाके, गाठ, दाताने तोडलं. बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं म्हणून बघितलं नव्हतं, आणि नंतर कधी बघायचं कारणच पडलं नाही. ज्या बाईने उभ्या आयुष्यात परक्यांच्या कोटांना एक टाका चुकीचा घातला नाही तिने स्वतःच्या पोराच्या कोटाला निळा दोरा लावला होता, आणि पोरगा तीन वर्षं रोज आतून तो बघत होता. कधी बोलला नव्हता. ठेवलं होतं त्याने ते जपून, आपल्यापाशी.

"निळा," ती म्हणाली.

बाही लावणाऱ्याने मान वर केली. "काय?"

"निळा होता!" ती उठली तेव्हा मांडीवरचा कोट खाली पडला आणि तिचाच पाय त्याच्यावर पडला. "मास्तर, निळा होता! निळा!"

बसवाल्याचा फोन आता उपयोगाचा नव्हता. राहिला मास्तरांचा, परक्या नंबराचा. मास्तर लिहायला बसले तर तिने फोन त्यांच्या हातातून घेतला. "मी लिहिते."

"तुम्हाला येतं का?"

"एक एक अक्षर दाखवा."

नऊ माणसं टेबलाभोवती गोळा झाली. मास्तर अक्षर दाखवत, ती बोट ठेवी. बोट जाड, सुईने टोचून टोचून टणक झालेलं. पडदा त्याला ओळखत नसे, दोन-दोनदा दाबावं लागे. निळा. अंधार होता. सुई खांद्याला होती. ये.

पाठवला. निरोपाच्या कडेला एक टिक उमटली.

"एक म्हणजे इथून गेला," मास्तर म्हणाले. "दोन झाल्या की त्याला पोचला."

"सही कधी आहे?"

"मी ऑफिसात विचारून ठेवलंय. जहाजावरच्या बाराला. म्हणजे आपले साधारण अडीच."

तेव्हा सव्वाबारा झाले होते. मास्तरांनी फोन कापायच्या टेबलावर मधोमध ठेवला आणि त्याच्या भोवतीची चिंध्यांची जागा साफ केली. एक वाजला. कुणी डबा उघडला नाही, मग भूक लागली म्हणून उघडला, पण बोलत बोलत कुणी जेवलं नाही. दोन वाजले. टिक एकच होती. बाही लावणारा म्हणाला, समुद्रात कधी कधी दिवसदिवस नेट नसतं. मास्तर म्हणाले, गप बस. अडीच वाजले. रस्त्यावर एका हातगाडीचं चाक करकरत गेलं. पावणेतीनला एकेक मशीन चालू झालं, सुरुवातीला हळू, मग नेहमीसारखं.

"अनोळखी नंबर बघून उघडलाही नसेल," कुणीतरी हळूच म्हणालं.

"उघडायला आधी पोचावा लागतो," मास्तर म्हणाले.

चारला पाच कमी असताना मावशीने आपला फोन घेतला आणि ती उठली. मास्तरांनी विचारलं नाही कुठे. फक्त म्हणाले, "मी खिडकीत उभा राहतो. दोन टिका झाल्या की दोन बोटं दाखवीन."

ताईने सकाळीच नव्या झालेल्या फोनात पासवर्ड पुन्हा घालून दिला होता. तिसऱ्या पायरीवर तिने भिंतीला खांदा लावला. फोनच्या वरच्या कोपऱ्यात वायफायच्या रेषा पूर्ण भरलेल्या होत्या, एकही कमी नाही. त्यांच्या शेजारी तीच बारीक अक्षरं. सिम नाही. तिने फोन उजव्या कानाला लावला. रिकामाच. पण हाताला तेवढंच ठाऊक होतं.

एक पेशंट गाल धरून खाली आला, तिच्याशेजारी थांबला, आपला फोन वर धरून इकडे तिकडे फिरवू लागला. सुजलेल्या तोंडाने त्याने विचारलं, "काकू, इथे येते का रेंज?"

"येते," ती म्हणाली. "भरपूर येते."

रस्त्यापलीकडे पहिल्या मजल्याच्या खिडकीत मास्तर उभे होते. तिने वर पाहिलं. त्यांनी हात वर केला, तो थोडा वेळ तसाच धरला, आणि एक बोट दाखवलं.